दुरुस्ती

लिहा : वर्ना हॉगेन. आई.

फोन मीच केला होता.
एल्डन बर्फात अनवाणी उभा,
सुपीरियर सरोवराशी वाद घालत.
म्हटलं, आजारी आहे, जरा सांभाळून घ्या.

घेतलं त्यांनी.

काउंटीच्या कोठडीत खुर्चीला आवळून,
छातीवर पट्टा, डोक्यावर जाळीची पिशवी.
अहवालात तुम्ही लिहिलंय :
'आदेश मानले नाहीत.'
कुठल्या आवाजाचे?
त्याला एका वेळी पाच ऐकू यायचे.
त्यातला एक माझाच असायचा,
जेव रे, झोप आता, वगैरे म्हणणारा.

गोळ्या मी दुपारीच दिल्या होत्या खिडकीवर,
पुडीवर नाव, वेळ घालून.
परत मिळाल्या. मोजल्या.
सगळ्या आहेत.

आणि सामानाच्या यादीतले
बूट तेवढे खोडा.