तोंडओळख

हवालदाराने लिहून घेतलं,
"आरोपी हा फिर्यादीच्या तोंडओळखीचा इसम असून..."
मी म्हटलं, तसं नाही ते.
तो म्हणाला, बाई, असंच लिहितात,
आणि पेन पुढे गेलं.

तसं नव्हतंच ते.
सहदेव खवणेकर. माझ्या नवऱ्याबरोबर
एकाच रापणीची दोरी ओढून
दोघांच्या तळव्यांना एकाच जागी घट्टे.
नवरा गेला तेव्हा तिरडीचा पुढचा डावा खांदा त्याचा,
स्मशानापर्यंत कुणाला बदली दिली नाही.
मग विम्याचे पैसे आले,
आणि महिन्याभरात तो आला.
इंजिन बसलंय म्हणाला, सहा सिलिंडरचं.
चार लाख ऐंशी हजार.
स्टॅम्पावर सही, दोन साक्षीदार,
एक आता देवाघरी, दुसरा मस्कतला.

आधी बांगडा नाही म्हणाला.
मग एलईडीवाल्यांनी दर्या धुतला म्हणाला.
मग लिलावाच्या वेळी
जेटीच्या पलीकडच्या अंगाने जाऊ लागला.
शेवटी चारचौघांत बोलला, ही सही माझी नव्हेच.
पैशापेक्षा ते लागलं.

चारशे वीस, चारशे सहा.
त्याला जीपमध्ये घातलं त्या सकाळी
मी आमच्या कारखान्यात बर्फाच्या लाद्या मोजत होते.
दोनदा मोजल्या.
दोन्ही वेळा वेगळ्या भरल्या.

सहा वर्षं तारखेची पिशवी दारामागे टांगलेली:
झेरॉक्सा, पाण्याची बाटली, आमसुलं.
गणपतीत त्याची बायको आमचं घर वगळून
आरतीला पुढे जायची,
आणि मी तिच्यासाठी काढलेले दोन मोदक
रात्री कुणाला न सांगता खायचे.

होडी विकून त्याने पैसे फेडले.
नव्या मालकाने नावावर रंग मारलाय,
तरी भरतीला फळी भिजली की 'जयवंती'मधलं 'वंती' दिसतं.
व्याज मी सोडलं.
म्हणजे वकिलांनी सोडलं,
मी मान हलवली.

कोल्हापूर. बोर्डावर आमचा नंबर त्रेसष्ट.
माझ्या प्रतिज्ञापत्रात टाइप केलेलं,
"सदर तक्रार गैरसमजातून दाखल झाली."
गैरसमज कसला?
समज चांगलाच होता, मला त्याचा, त्याला माझा.
सही केली.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
बाई, कुणाचा दबाव आहे?
नाय.
पैसे मिळाले सगळे?
गावले.
मग बराच वेळ इंग्रजी, असं मला वाटलं,
घड्याळात दीड मिनिट.
पोलिसांचा वेळ खर्ची पडला, सबब दोघांनी मिळून दहा हजार
मुलींच्या वसतिगृहाला भरावेत.
गुन्हा रद्द.
जिन्यात वकील म्हणाले, आता समजा
एफआयआर झालाच नव्हता.

म्हणजे तो जीपमध्ये चढला नाही.
म्हणजे लाद्या बरोबर भरल्या.
आणि ते वाक्य?
तोंडओळखीचा इसम,
तेही गेलं का त्याच्याबरोबर?
वकील मोबाइलवर बोलत होते.

दुपारची देवगड गाडी. तो तीन सीट पुढे.
मागून मान पार पिकलेली.
कॉलर आतून उलटी करून शिवलेली,
हे घरी गेल्यावर त्याच्या बायकोला सांगावं
असं एकदम मनात आलं,
आणि मग आठवलं.

गगनबावड्याला गाडी थांबली.
खिडकीशी ग्लास आला.
"वैनी, चाय."
साखर कमी. विसरला नव्हता.
मी दहाची नोट पुढे केली.
"ऱ्हवांदे," म्हणाला, नोटेकडे बघून, माझ्याकडे नव्हे,
आणि जागेवर जाऊन बसला.

घाटात वळणं लागली.
कागद नाही, साक्षीदार नाही,
माझ्याकडे त्याचे दहा रुपये.
जामसंड्याला तो उतरला, वळून पाहिलं नाही.
नोट मुठीत भिजून
मऊ झाली होती.