बर्फाच्या आधी

डुलुथमध्ये उतार फार. रस्ते थेट सरोवरात उतरतात,
सरोवर म्हणायचं, दिसायला समुद्रच.
एकतीस वर्षं मी इथे शाळेची बस चालवली.
नवा ड्रायव्हर आला की एकच गोष्ट शिकवायची:
ब्रेक बर्फावर दाबायचा नसतो.
बर्फाच्या आधी दाबायचा,
चाकांखाली अजून रस्ता असतो तेव्हा.

म्हणून आज, ऑक्टोबरातल्या एका साध्या मंगळवारी,
काही दुखत-खुपत नसताना
मी वकिलाच्या ऑफिसात बसले आहे.
खाली बेकरी. दालचिनीचा वास जिना चढून येतो
आणि मृत्युपत्राला लागतो.

वकीलबाई तरुण आहे. मिस ट्वेटन.
हिचा भाऊ माझ्या बसमध्ये शेवटच्या बाकावर बसून
खिडकीतून दुसऱ्यांचे हातमोजे फेकायचा.
मी विषय काढत नाही.
ती विचारते, "तुमच्या वतीने सही कोण करेल,
तुम्हाला जमेनासं झालं तर?"
जमेनासं. बरा शब्द शोधला पोरीने.

मला व्हर्ना आठवते. धाकटी बहीण.
बघू पुढे, म्हणायची.
पुढे बघायला ती नव्हतीच. म्हणजे होती,
खिडकीशी, खुर्चीत, चमचा उलटा धरून.
घर, नवऱ्याची बोट, खात्यातले बावन्न हजार,
सगळं दरमहा थोडं थोडं वितळत गेलं,
आणि मुलं कोर्टात उभी,
आईची सही कुणी करायची यावरून.
आता नाताळचं जेवण दोन गावांत होतं.

"तुमचा मुलगा?"
डेल चांगला आहे. ॲरिझोनात असतो, दर रविवारी फोन करतो.
पण डेलला मला 'नाही' म्हणता येत नाही.
कधीच आलं नाही.
आणि तो दिवस 'नाही' म्हणण्याचाच असणार.

मी मार्लिसचं नाव सांगते. शेजारीण.
चर्चच्या तळघरातल्या जेवणात माझी भाजी खारट झालेली,
सगळे गुपचूप पाणी पीत होते,
ती एकटी बोलली.

लिहा, म्हणते मी. जमेल तोवर घरात.
न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवलाय मी,
अजून त्यावर टॉवेलच वाळतो.
साठाव्या वर्षी विमा घेतला; हप्ता भरताना जीव जायचा,
मैत्रिणी हवाईला जाऊन आल्या, फुलांच्या माळा घालून.
ते पैसे माझ्या सेवेला. आधी ते.
उरलंच तर डेल.

आणि किल्ल्या.
मार्लिसने गाडीच्या किल्ल्या मागितल्या की द्यायच्या.
मी चिडेन. म्हणेन, एकतीस वर्षं, एक ओरखडा नाही!
ते खरंच असेल.
तरी घ्यायच्या.

हे कायद्याच्या कागदात बसत नाही, मिस ट्वेटन म्हणते.
मग वेगळ्या कागदावर मी स्वतः लिहिते,
टाइप नको, हातानेच,
कारण तेव्हाची आर्डिस कुणाचंच ऐकणार नाही,
पण हे अक्षर ओळखेल.
ओळखेल बहुतेक.

साक्षीदार दोन लागतात. एक समोरच्या ऑफिसातली बाई,
दुसरा बेकरीतला पोरगा, पिठाच्या हातांनी वर आलेला.
शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात
त्याचा पांढरा अंगठा उमटतो.
पुसू का, तो विचारतो.
राहू दे.

परत येताना पुढे पिवळी बस थांबते, लाल फलक बाहेर.
मी मागे थांबते, उतरणारी मुलं मोजते.
सवय जात नाही. नऊ, दहा, अकरा.
बाराव्याचा हातमोजा रस्त्यात पडतो.
तो तसाच चालत राहतो, हात खिशात,
आणि अकरावी मागे वळते.