कांदा साधाच घ्यायचा

कांदा साधाच घ्यायचा.
तो इतके सदरे घालून बसलेला असतो
की वरचे दोन उतरवले तरी लाज राहते.
केळं साधं, कलिंगड साधं, मक्याचं कणीस साधं.
फणसाच्या वाटेला तर औषधवालाही जात नाही.

कोथिंबीर, मेथी, पालक यांना सोलणार कसं?
तिथे पैसे सोडायचे.
फ्लॉवर उलटा करून बघायचा;
आत अळी दिसली की मला बरं वाटतं.
या वयात अळीने बरं वाटावं!

महिन्याचे सहाशे रुपये
बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात वेगळे ठेवते.
समोरच्या शैलजा वाघचौरे म्हणतात,
घ्यायचं तर सगळंच सेंद्रिय, नाहीतर मग कशाला.
बरोबर असेल त्यांचं.
त्यांच्या घरी दोन गाड्या आहेत.

द्राक्षांपाशी मात्र हात थांबतो.

बावीस वर्षं अंबडच्या लॅबमध्ये
मी द्राक्षं मिक्सरमधून काढली.
दिंडोरीची, निफाडची, पिंपळगावची,
मणी न् मणी सारखा,
शाळेच्या फोटोला बसवल्यासारखा.
रस नळीत भरायचा, यंत्रात सोडायचा,
यंत्र कागदावर डोंगर काढायचं.
डोंगर उंच निघाला की माल युरोपला नाही.
मग कुठे, ते विचारायचं नसे.
संध्याकाळी बस रविवार कारंजावर थांबली
की एखाद्या हातगाडीकडे मी बघायची नाही.

डोंगर नसला तरी यंत्र 'नाही' असं लिहीत नसे.
लिहायचं: मोजता आलं नाही.
पहिली काही वर्षं
मला या दोन्हींत फरक वाटत नव्हता.

शनिवारी सकाळी गंगापूर रोडला
मखमलाबादच्या इंदूबाई काकड गोणपाट अंथरून बसतात.
मागे झाडाला टांगलेलं प्रमाणपत्र, लॅमिनेशन केलेलं,
तारीख गेल्या वर्षी संपलेली.
मी विचारलं, पाणी नदीचं की विहिरीचं?
"विहिरीचं," त्या म्हणाल्या.
"पण विहीर नदीला लागून.
पाण्याला काय सांगू, इकडून नको येऊ?"
आणि शेजाऱ्याची फवारणी?
"वारं असलं की येते. बांधालगतच्या दोन सऱ्या
मी गाईलाही घालत नाही."
द्राक्षं आहेत?
"लावली होती. औषधाशिवाय नाही टिकली बाई.
असती तर तुम्हाला खोटं सांगून विकली असती का,
ते मलाही माहीत नाही."

बावीस वर्षांत इतका स्वच्छ रिपोर्ट
माझ्या हातात आला नव्हता.

मेथीच्या तीन जुड्या घेतल्या,
पानापानाला भोकं,
आणि वाकडी गाजरं, आणि नको असताना अंबाडी.
डब्यातले एकशे ऐंशी गेले.

येताना कॉलेज रोडच्या कोपऱ्यावर
साध्या हातगाडीवरची साधी द्राक्षं घेतली, अर्धा किलो.
का, ते सांगता येणार नाही.
फेब्रुवारी होता. इथे जन्म गेला माझा,
आणि शेवटचा घड कधी खाल्ला
तर अनंतची मुंज.

भांड्यात मीठ-पाणी केलं, द्राक्षं बुडवली.
यात काय निघून जातं ते मला पक्कं ठाऊक आहे,
काय निघत नाही तेही,
त्याच्या इंग्रजी नावानिशी, दशांश चिन्हापुढच्या आकड्यांनिशी.
अर्धा तास ओट्याशी उभी राहून मेथी निवडली.
एका पानाच्या भोकातून ताटलीत
तांदळाएवढा उजेड पडत होता.

मग एक मणी तोंडात टाकला.
गोड. देठाकडे थोडा आंबट.
मग दुसरा.
मग उभ्या उभ्या सहा-सात.
बाहेरून हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले,
"एकटीच काय खातेस? संपवू नकोस सगळं."