अडीच फुटांवर

दगडाला लागली तर सब्बल खणकते,
कोपरापर्यंत झिणझिण्या येतात.
ही खणकली नाही. रुतली.
झिबल मिस्तरी वरून म्हणाला, "थांब."

मी रेजा. खड्डा दुसऱ्याचा, घमेलं माझं,
बारा वर्षं असंच.
त्या दिवशी खणणारं पोट्टं आलं नव्हतं
म्हणून पदर खोचून मीच खाली होते,
शालिक उमाठेंच्या नव्या न्हाणीच्या पायव्यात,
मांडीइतक्या काळ्या मातीत.
मुरूम अजून लांब होता.

हातानं माती सारली.
मूळ.
माझ्या पोटरीएवढं, लालसर सालीचं,
सब्बल लागली तिथे ओलं, पिवळट,
आणि वास सकाळच्या दातवणाचा.

झाड मात्र इथे नव्हतंच.
इथे दगडी कंपाऊंड, पलीकडे वासेकरांचं आंगण,
आंगणाच्या पार त्या टोकाला निंब.
मिस्तरीनं पावलं मोजली. एकवीस.
एकवीस पावलं चाचपडत आलं होतं
जुन्या न्हाणीच्या मोरीपाशी.
या घरच्या तीन सुनांच्या अंघोळीचं पाणी
त्या घरच्या बाजेवर सावली धरत होतं,
आणि दोन्ही घरांत बोलणं नाही
सन नव्व्याण्णवपासून,
एका पन्हाळीवरून.

शालिकभाऊ खड्ड्यात वाकले.
"तोडा ना. आपल्या जाग्यात हाय."

मिस्तरीनं बिडी काढली, पेटवली नाही.
"तोडतो. पण आइका.
सावंगीले शाळेची भिंत घेतली होती म्या.
मधात चिंचेची मुळं आली.
उगवतीकडची सारी तोडली, सपासप. कंत्राटदार खुश.
झाड हिरवंच राह्यलं.
दुसऱ्या साली चिंचाही लागल्या, लोकायनं खाल्ल्या.
तिसऱ्या जेठात पडलं. वारं नोतं.
शाळा सुटून अर्धा घंटा झाला होता."
बारा वर्षांत हे तो मला बोलला नव्हता.
बिडी त्यानं कानामागे ठेवली.

"आन ही काळी माती. उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते.
मूळ तोडलं त आतच सडंल, पोकळ राहील, भित बसंल.
त्याच्यावर भित बांधली त तेच उचलंल.
याले वाट द्या लागते.
दोन्हीकून वीतभर सोडाची, वरून लिंटल, आत रेती."
"आन पैसे?"
"दोन बोरी शिमिट. थोडीशी सळई."
शालिकभाऊ घरात गेले. चहा आला नाही.

दुपारी मी बारदाना ओला करून
सब्बलच्या जखमेवर टाकला.
कोणी सांगितलं नव्हतं.
कंपाऊंडवरून वासेकरांची कौतिकाबुढी डोकावली.
"काय निंगालं वो?"
"तुमच्या निंबाचं मूळ, माय. इकडं पाणी प्याले येते."
ती बराच वेळ बघत राहिली.
"बोलणं बंद हाय म्हून," ती म्हणाली,
"त्याले कोनं सांगतलं नसन."
आणि गेली. एवढंच.
कोणी कोणाच्या दारी गेलं नाही.

लिंटल पडलं.
सिमेंटचे अर्धे पैसे मिस्तरीच्या मजुरीतून कापले,
ते त्यानं माझ्यातून कापले नाहीत.
भिंत सरळ उभी राहिली, ओळंब्यात.
टाइल्स निळ्या. शॉवर.
मोरीचं पाणी आता पाइपातून
थेट गावनालीत जातं.

म्हणजे वाट आहे मुळाला,
पाणी नाही.
हे त्या खड्ड्याजवळ कोणालाच सुचलं नाही,
मिस्तरीलाही, मलाही.

शेवटच्या दिवशी घमेलं, थापी, पावडा
मी नालीवर नेऊन धुतले.
मग दोन बादल्या चोख पाणी
भिंतीच्या त्या वीतभर रेतीत ओतलं.
ते खाली गेलं, आवाज करत,
पाहुणा घाईत पितो तसा.
शालिकभाऊंची धाकटी सून दारात उभी होती.
तिनं पाहिलं.
काही विचारलं नाही.
बादली मात्र माझ्या हातून घेतली ती
आत नेली नाही,
तिथेच भिंतीशी ठेवली.