पंचा गुंडाळून पाहिला

जुना दांडा हातात नुसता डुलायचा,
तिसरा शोधायला गेलं की पाचवा भेटायचा.
इलियासभाईंनी गंगाखेड रोडच्या लेथवर
नवा कातून दिला, बुटका, भरीव पोलादाचा.
बसवला, आणि गियर असा पडला
जशी अडकित्त्यात सुपारी.
मी दोनदा उगाच बदलून पाहिला,
गाडी उभीच होती.

मग झरीच्या रस्त्याला लागले
आणि अख्खी गियरपेटी वर येऊन
माझ्या शेजारी बसली.
चाळीसला गुणगुण, पन्नासला किरकिर,
साठला जसं कुणी पितळी परातीत
हरभरे घोळतंय आणि थांबतच नाही.
मागं मातीच्या नमुन्यांच्या छत्तीस पिशव्या,
प्रत्येकीवर गट नंबर, गावाचं नाव.
त्यांना काय, त्या गप्प.
बोरीत उतरले तर चहावाला म्हणाला,
ताई, वरडायलात कशामुळं?

दुसऱ्या दिवशी इलियासभाई गाडीखाली गेलेच नाहीत,
शेजारी बसले. खांद्यावरचा पंचा काढला,
दांड्याच्या बुडाशी गच्च गुंडाळला. म्हणाले, चलाव.
आवाज निम्म्यावर आला.
"मंग? पेटीचा कसूर नाही. दरवाजा उघडा हाय."
जुन्या दांड्यात एक रबरी बुश होता, बोटभर.
वीस वर्षं तो सगळं गिळत होता.
तो आम्हीच भंगारात टाकला,
झिजलाय म्हणून.

मग तीन दिवस हेच.
ट्रॅक्टरच्या ट्यूबचं बूट, आत एक, वर एक,
मधे हवेला जागा.
तळाला डांबरी शीट: पत्रा रॉकेलनं पुसायचा,
शीट उन्हात ठेवायची, मऊ झाली की
वाटीच्या बुडानं दाबत न्यायची,
फुगा राहता कामा नये.
मे महिना. परभणीत हीटगन विकत घेणं
म्हणजे पैसे जास्त झाल्याचं लक्षण.
त्यावर नमदा, त्यावर जुनंच कार्पेट.
"गोळाबी रबराचा लावू?"
लावा.

दादांना घेऊन जिंतूरला निघाले.
एकतीस वर्षं एसटी चालवली त्यांनी,
इंजिनच्या बाजूचा डावा कान त्यातच गेला.
उजवा माझ्याकडं.
दुधनेच्या पुलापर्यंत काही बोलले नाहीत.
मग: "बंद पडली का?"
नाही दादा, पन्नासवर आहे.
"मंग तुला कळतं कसं, कवा बदलायचा?"
मी काट्याकडं बोट केलं.
काट्याकडं त्यांनी पाहिलं नाही.
हात पुढं करून गोळ्यावर ठेवला,
डॉक्टर पोटावर ठेवतात तसा,
बराच वेळ ठेवला.
"हितंबी काय नाय."

परत येताना बोरीला थांबून
तेवढा रबरी गोळा पान्यानं काढला,
लोखंडी लावला.
आता तिसऱ्यात, पंचेचाळीसच्या आसपास,
तो तळहाताला बारीक मुंग्या आणतो.
दादा त्याच्यावर हात ठेवून बसले.
मला बदलायचा असला
की माझ्या आधी त्यांचा हात उचलायचा.

बाकी गाडी शांत. इतकी,
की पिशवीतली माती सरकलेली कळावी.
आणि मग ऐकू आलं, दादा
ओठातल्या ओठात काही म्हणतायत.
मी मान जरा कलती केली.
झरी. विनंती थांबा. दुधना पूल.
विनंती थांबा.
एकतीस वर्षं हे चालू असणार
त्या बॉनेटच्या गोंगाटाखाली,
कंडक्टरलासुद्धा पत्ता नसेल.

मी गियर बदलला नाही.
तिसऱ्यातच आणली,
नाक्यापर्यंत.