आठवी फेरी

लीलाधर फिरके, वय एकाहत्तर, राहणार चिनावल.
हाडांत टेक्नेशियम मुरवून
जळगावच्या आमच्या तळघरात आडवे पडलेत.
कॅमेऱ्याची दोन डोकी त्यांच्याभोवती फिरतात,
कोनाकोनाला थांबतात,
आतून जे निसटून येतं ते नुसतं मोजतात.
चित्र अजून कुठेच नाही.

"काय दिसून राह्यलं भो?"
हलू नका काका, मी काचेमागून.

पूर्वी आकडे आल्या वाटेनेच परत पाठवायचो.
रेघांवर रेघा; जिथे गर्दी, तिथे हाड.
हाडाला चांदणीसारखी टोकं फुटायची,
ती गाळताना थोडं हाडही गळायचं.

आता मशीन आधी अंदाज बांधतं.
सुरुवात सगळीकडे सारख्याच करड्या रंगाने,
म्हणजे, मला काही ठाऊक नाही.
मग स्वतःलाच विचारतं:
हा माझा माणूस खरा असता
तर कॅमेऱ्याला किती मिळालं असतं?
मिळालेल्याला त्याने भागतं,
त्या पटीत माणूस दुरुस्त करतं.
पुन्हा विचारतं.

उठायला हात देताना हे काकांना सांगितलं.
ते हसले.
चाळीस वर्षं सावद्याच्या वखारीत
केळीचा घड उचलून वजन सांगायचे.
"अठरा म्हन्लं, काट्यावर सोळा भरलं.
पुढच्या घडाले दोन कमी धरले.
हात असाच शिकते.
पन घड लय वेळ धरून ठेवू नये, पोरी.
हात भरून आला का
समदंच जड लागते."

चौथ्या फेरीत धुक्यातून कणा आला.
आठव्या फेरीत मणके सुटे झाले,
कमरेच्या तिसऱ्यावर
एक जरासा उजळ डाग.
चाळिसाव्या फेरीपर्यंत नेऊन पाहिलं.
डाग लखलखीत झाला,
आणि त्याच्यासारखेच आणखी सात,
एक तर पार हाडाबाहेर.
मशीनचा हात भरून येत नाही.
आकड्यांतली खरखरही ते
मन लावून खरी करत बसतं.

आठवी ठेवली.
डॉक्टर उद्या सकाळी येतील.

बाहेर काका दुसरी बाटली पाणी संपवत होते.
बाकावरची माझी डब्याची पिशवी त्यांनी
दोन बोटांवर उचलून पाहिली.
"सव्वा किलो."
आमच्याकडे काटा नाही.
असेल, मी म्हटलं.