तीन खाचा

शिरोलीच्या फाउंड्रीत, मोल्डिंग लाईनच्या पॅनेलात
नवा सेफ्टी कंट्रोलर बसवला, पिवळा,
जेवणाच्या डब्याएवढा.
त्याच्या छातीवर किल्लीला तीन खाचा:
बंद. प्रोग्राम. चालू.
मधली खाच माझी, असं कागदावर आहे,
सही वृषाली नेजदार, मेंटेनन्स.

वीज दिली की तो लगेच कामाला लागत नाही.
आधी सगळे दिवे एकदम पेटवतो, विझवतो,
मग स्वतःलाच चिमटे काढत बसतो:
ही तार जागी आहे का, ती खोटं बोलते का,
दोन्ही कानांनी ऐकलेलं सारखंच आहे का.
तोवर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर शून्य.
भूपाल मगदूम घड्याळ बघतात.
"व्हय गं, ह्याची आंघोळ झाली न्हाई अजून?"

भूपालकाकांच्या डाव्या हाताला तीन बोटं.
जुन्या मशीनवर, वीज गेलेली असताना,
साच्यात अडकलेलं वाळूचं ढेकूळ काढायला
हात घातला होता.
वीज आली.
मशीनला आठवत होतं आपण कुठे थांबलो होतो.
एवढंच. आठवण चांगली होती त्याची.

ह्याला काही आठवत नाही.
वीज गेली की सगळं पुसून टाकतो,
परत आली की परका होऊन उभा.
आत कोण आहे? जाळीचं दार लागलंय?
कुणीतरी बाहेर उभं राहून, आत नजर टाकून,
निळं बटण दाबा, आणि सोडा.
नुसतं दाबून चालत नाही. सोडावं लागतं.
बटणावर चिकटपट्टी लावणारे मी पाहिलेत,
त्याला बनवणाऱ्यानेही पाहिले असणार.

सायकल सुरू करायला दोन हातांची दोन बटणं,
अर्ध्या सेकंदात एकदम.
काकांचा डावा हात जरा मागून येतो.
पहिल्या दिवशी अकरा वेळा नाकारलं त्यांना.
"वळख दाखवंना झालंय," म्हणाले,
चहाचा कप खाली ठेवला,
आणि बाराव्यांदा दोन्ही तळवे हाणले.
लाईन हलली.
अर्धा सेकंद मी वाढवला नाही.
त्यांनीही मागितला नाही.

शनिवारी, चालूच्या खाचेतून काढलेली किल्ली
चुकून माझ्याबरोबर उचगावला आली,
ड्रेसच्या खिशात, सुट्ट्या पैशांत.
रात्री इंगवले सुपरवायझरांचे सात फोन.
जाळीच्या दाराचा स्विच कुरकुरत होता,
सकाळी पुण्याची गाडी भरायची होती,
मधल्या खाचेत टाकून जरा तेवढी एक अट...
हे मला सकाळी कळलं. फोन सायलेंटवर होता.
मुद्दाम ठेवला होता का,
हे तेव्हापासून स्वतःला विचारतेय,
दोन्ही कानांनी ऐकतेय,
आणि उत्तरं जुळत नाहीत.

किल्ली नाही म्हटल्यावर
तौफिक मुजावर जाळीच्या आत गेला,
बॅटरी दातांत धरून, स्विच सरळ करायला.
अडीचला वीज गेली म्हणे.
पावणेतीनला आली.
कंप्रेसर धडधडला, पंखे फिरले,
देवाच्या फोटोवरची लाल माळ लागली.
लाईनवर काहीच झालं नाही.

गाडी गेली नाही. इंगवले आठवडाभर बोलले नाहीत.
काहीच झालं नाही, ह्याला
लॉगबुकात रकाना नाही.
मी तारखेपुढे तेवढंच लिहिलं.
भूपालकाकांनी वाचलं,
पंख्याच्या वाऱ्याने पान उडत होतं,
ते डाव्या हाताने दाबून धरलं थोडा वेळ,
आणि सोडलं.